प्रशिक्षकाला निदान दोन हंगाम द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर युरोपातल्या फुटबॉलचे निकाल न चुकता येतात. गोल कोणी मारला, कोणता खेळाडू किती कोटींना गेला, हे आमच्या वडगाव-शहापूर भागातली पोरं तोंडपाठ सांगतात. पण संघ उभा करणारा माणूस कुठल्या गावचा, त्याला कोणी घडवलं, हरल्यावर त्याला कोणी सांभाळून घेतलं, याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र. लिहितोय युर्गेन क्लॉप या जर्मन फुटबॉल प्रशिक्षकाबद्दल, पण डोळ्यांपुढे आहे आपल्या बेळगावचं फुटबॉल.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होतो. पहिली पाळी सुटली की सायकल घराकडे न वळवता थेट मैदानावर न्यायची, असा आमचा सगळ्यांचाच शिरस्ता होता. बरीच वर्षं राईट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळलो. आता संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना शिकवतो. क्लॉपही राईट बॅक होता, आणि मोठा खेळाडू म्हणून त्याचं नाव कधीच झालं नाही. त्याच्याकडे माझं लक्ष गेलं ते त्यामुळेच.

त्याचा जन्म 1967 चा, श्टुटगार्टचा. वाढला मात्र ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातल्या ग्लाटन या लहानशा गावात. वडील नॉर्बर्ट फिरते विक्रेते, तरुणपणी गोलकीपर. दोन मुलींच्या पाठीवर झालेला हा मुलगा खेळाडू व्हावा, अशी त्यांची फार इच्छा होती. ऐन विशी-एकविशीत क्लॉप स्वतः बाप झाला. तेव्हा तो फ्रँकफर्टला विद्यापीठात क्रीडाशास्त्र शिकत होता, हौशी संघात खेळत होता आणि घर चालवायला सिनेमाच्या रिळांच्या गोदामात काम करत होता. पहाटे उठून जड डबे उचलायचे, मग वर्ग, मग सराव, मग घरी बाळ. पाळी करून मैदानावर येणाऱ्या आमच्या पोरांना हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना वाटतं, युरोपातले खेळाडू जन्मल्यापासून हिरवळीवरच लोळत असतात.

1990 साली तो माइन्झच्या संघात गेला. माइन्झ तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता आणि तिथूनही खाली घसरू नये म्हणून धडपडत होता. क्लॉप सुरुवातीला पुढे खेळायचा. 1991 मध्ये एरफुर्टविरुद्ध त्याने एकाच सामन्यात चार गोल मारले. पुढे त्याला मागे आणलं, राईट बॅकला. 2001 पर्यंत त्याच क्लबमध्ये 325 लीग सामने आणि 52 गोल. त्याने स्वतःच सांगून ठेवलंय, की आपलं डोकं पहिल्या डिव्हिजनचं होतं आणि पाय चौथ्या डिव्हिजनचे, म्हणून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळलो. पायांबद्दल इतकं खरं बोलणारा खेळाडू मी आमच्या मैदानावर तरी पाहिलेला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. 1995 च्या हंगामात माइन्झला वोल्फगांग फ्रांक नावाचा प्रशिक्षक आला. संघ तळाला होता. त्या काळी जर्मनीत बहुतेक संघ मागे एक मोकळा खेळाडू ठेवून बाकीच्यांनी एकेक माणूस धरायचा, असंच खेळत. फ्रांकने ते मोडलं. इटलीत आरिगो साक्की यांनी मिलानला जे शिकवलं होतं, ते त्याने या गरीब क्लबात आणलं. चार बॅक एका ओळीत, माणसाऐवजी जागा धरायची, आणि सगळा संघ एकदम पुढे नाहीतर एकदम मागे. खेळाडूंना तासन् तास व्हिडिओ दाखवायचा. बॉल न घेता नुसतं सरकायचा सराव करून घ्यायचा. खेळाडू कंटाळून जात, पण त्या वर्षी संघ वाचला. आपल्यापेक्षा चांगले खेळाडू असलेल्या संघाला ठरवून खेळलं तर हरवता येतं, हे क्लॉपला तिथे उमगलं. फ्रांक 2013 मध्ये वारला. आज जगभर क्लॉपचं नाव आहे, फ्रांकचं नाव जर्मनीबाहेर फार थोड्यांना माहीत आहे. माझ्या दृष्टीने या सगळ्या कारकिर्दीचा पाया त्याने घातला.

हा सराव मी आमच्या पोरांकडून करून घेतो. बाजारातून नायलॉनची दोरी आणली. चारही बॅकच्या कमरेला ती बांधायची, मध्ये आठ-दहा पावलांचं अंतर. मी बॉल हातात घेऊन या बाजूने त्या बाजूला चालतो आणि पोरांनी दोरी न ताणता, ढिलीही न सोडता सरकायचं. जुलैच्या चिखलात पहिले काही दिवस सगळे एकमेकांवर पडतात. लाल मातीने पोरं अशी माखतात, की घरी आया ओळखत नाहीत. पण महिनाभरात दोरी सोडली तरी चौघं बांधल्यासारखे सरकतात. स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, मराठीत ओरडतो, डावा बॅक कन्नडमध्ये उत्तर देतो, कीपर उर्दूत दोघांना शिव्या घालतो आणि ओळ हलत नाही. यासाठी मला एक दोरी लागली आणि पोरांची एक महिन्याची हजेरी लागली. हजेरी मिळवणं दोरीपेक्षा कितीतरी अवघड.

फेब्रुवारी 2001. माइन्झ पुन्हा गाळात, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जायच्या वाटेवर. प्रशिक्षक एकहार्ड क्राउट्सुन यांना काढलं. क्लबचा कारभार पाहणारा क्रिश्चियन हायडल हा मोटारविक्रीचा धंदा सांभाळून क्लबचं काम करणारा गृहस्थ. बाहेरून नाव असलेला प्रशिक्षक आणायला हातात वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. त्याने आपल्याच संघातल्या 33 वर्षांच्या राईट बॅकला विचारलं, करशील का? कार्निव्हलचे दिवस होते, सगळं माइन्झ रस्त्यावर नाचत होतं आणि संघाला गावाबाहेर एका हॉटेलात नेऊन ठेवलं होतं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर कपडे बदलायचे त्यांच्यापुढे क्लॉप फळ्यापाशी उभा राहिला. 28 फेब्रुवारीला ड्युइसबर्गला 1-0 ने हरवलं. पहिल्या सात सामन्यांपैकी सहा जिंकले आणि क्लब वाचला. वडील नॉर्बर्ट त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. मुलाला प्रशिक्षक झालेला पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

यानंतर काय झालं ते आमच्या क्लबांच्या पदाधिकाऱ्यांनी नीट वाचावं.

2002 मध्ये माइन्झ पहिल्या डिव्हिजनमध्ये जाण्याच्या दारात होता. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरली असती. बर्लिनमध्ये युनियनकडून 3-1 ने हरले आणि एका गुणाने चौथे आले. तेव्हा वर तिघेच जायचे. पुढच्या वर्षी पुन्हा शेवटचा दिवस. माइन्झने ब्राउनश्वाइगमध्ये 4-1 ने जिंकून आपलं काम केलं. तिकडे त्याच तिसऱ्या जागेसाठी झगडणाऱ्या फ्रँकफर्टचा सामना 3-3 वर होता आणि थोडीच मिनिटं उरली होती. तेवढ्यात फ्रँकफर्टने तीन गोल केले, शेवटचा तर जादा वेळेत. दोन्ही संघांचे गुण सारखे, 62-62. गोलफरकात माइन्झ एका गोलाने मागे. सलग दुसऱ्या वर्षी चौथा.

आपल्याकडे त्या रात्री काय झालं असतं, हे सांगायला नको. माइन्झमध्ये मात्र हजारो माणसं चौकात जमली आणि क्लॉपने त्यांना सांगितलं, की पुन्हा उभे राहू, पुन्हा जाऊ. हायडलने त्याला काढलं नाही. 2004 मध्ये शेवटच्या दिवशी ट्रिअरला 3-0 ने हरवून माइन्झ आपल्या इतिहासात पहिल्यांदा बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, गेला. त्या वर्षी त्यांचे गुण होते फक्त 54. दोन वर्षांपूर्वी 64 मिळवूनही जे हुकलं होतं, ते 54 वर पदरात पडलं. त्यामुळे एका निकालावरून, एका गुणावरून माणसाची पारख होत नाही, असं मी जीव तोडून सांगतो. 2007 मध्ये संघ पुन्हा खाली आला, तरीही क्लबने त्याला ठेवलं. 2008 मध्ये वर जाणं थोडक्यात हुकलं, तेव्हा तो स्वतःहून निघाला. निरोपाला तो ढसाढसा रडला, आणि गावही रडलं.

आता आमच्याकडचं सांगतो. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण हे एका क्लबापुरतं नाही. आमच्या भागातल्या एका संघाने आपल्याच जुन्या स्टॉपरला ट्रेनर नेमलं. माणूस गुडघ्याने बाद झालेला, पण खेळ डोक्यात पक्का. दिवसा रिक्षा चालवायचा, संध्याकाळी मैदानावर. पावसाळाभर त्याने पोरांना पळवलं, बॉल जमिनीवर ठेवायला शिकवलं. उंच लाथ मारून पुढे ढकलणारा आमचा जुना खेळ त्याने हळूहळू बंद केला. पहिल्या स्पर्धेत संघ उपांत्य फेरीला गेला. मध्यंतराला 0-1 होतं. क्लबचे एक वजनदार गृहस्थ बाकाशी आले, त्यांनी ट्रेनरला बाजूला केलं आणि स्वतःच तीन खेळाडू बदलले. त्यातला एक गोव्याहून त्या दिवसापुरता पैसे देऊन आणलेला. सामना टायब्रेकरवर गेला आणि हरला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, उद्यापासून यायची गरज नाही. तो निरोपही त्याला पोराच्या हातून मिळाला.

त्या माणसाने त्यानंतर मैदानाकडे पाहिलं नाही. त्याने तयार केलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरं वर्ष-दोन वर्षांत टेनिस बॉल क्रिकेटकडे गेली. तिथे निदान प्रवेश फीवर बक्षीस तरी ठरलेलं असतं.

आमच्या भागात तालमीत असं होत नाही. कुस्ती सुटली की जुना मल्ल वस्ताद होतो, पहाटे आखाड्यात येऊन बसतो. त्याचा पठ्ठा आनंदवाडीच्या मैदानात चितपट झाला म्हणून वस्तादाला कोणी तालमीबाहेर काढत नाही. उलट पुढची कुस्ती कोणाशी लावायची, हे तोच ठरवतो. ज्या गावाला वस्तादाची किंमत कळते, त्याच गावात फुटबॉलचा ट्रेनर दर स्पर्धेला नवा. का, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. पैसा हे कारण मी मानत नाही. गोव्याचा किंवा कोल्हापूरचा खेळाडू एका सामन्यासाठी आणायला जे पैसे मोजतात, त्यात स्थानिक माणसाचं महिनाभराचं मानधन निघतं.

क्लॉपची पुढची कथा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. 2008 मध्ये तो डॉर्टमंडला गेला. दिवाळखोरीच्या तोंडातून नुकताच बाहेर पडलेला क्लब. त्याने एकोणीस-वीस वर्षांची पोरं खेळवली. मॅट्स हुमेल्स, माइन्झहून बरोबर आणलेला नेव्हन सुबोटिच, क्लबच्याच शाळेतला मारिओ ग्योत्झे. पहिल्या वर्षी सहावा, दुसऱ्या वर्षी पाचवा आणि 2011 मध्ये विजेता. 2012 मध्ये पुन्हा विजेता, शिवाय जर्मन कपच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकला 5-2 ने हरवलं. 2013 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात बायर्नने शेवटच्या मिनिटांत 2-1 ने हरवलं.

त्या संघाचा खेळ जगाने उचलला तो एका गोष्टीसाठी. बॉल गेला की मागे पळायचं नाही. जिथे गेला तिथेच, त्याच क्षणी, जवळच्या तिघा-चौघांनी तुटून पडायचं. समोरच्याने बॉल नुकताच घेतलेला असतो, त्याची मान खाली असते, त्याचे साथीदार अजून पसरलेले नसतात. त्या पाच सेकंदांत बॉल परत मिळाला तर गोल जवळ असतो. क्लॉप म्हणतो, की हा डाव कोणत्याही मोठ्या प्लेमेकरपेक्षा, म्हणजे खेळ रचून देणाऱ्या खेळाडूपेक्षा, जास्त संधी देतो. आमच्यासारख्यांना यातलं मोठेपण हे, की याला महागडा खेळाडू लागत नाही. लागतो तो दम, आणि एकाने धाव घेतली की बाकीच्यांनीही घ्यायची ही सवय. एकटाच पळाला तर तो नुसता दमतो आणि त्याच्यामागे भगदाड पडतं. सवय लागायला महिने जातात. दर स्पर्धेला ट्रेनर बदलणाऱ्या संघाला ती कधीच लागणार नाही.

एक गोष्ट राहिलीच होती. 2015 च्या फेब्रुवारीत हाच डॉर्टमंड, दोन वर्षांपूर्वी युरोपच्या अंतिम सामन्यात खेळलेला, जर्मनीच्या तक्त्यात सगळ्यात खाली, अठरावा होता. घरच्या मैदानावर हार झाल्यावर खेळाडूंना जाळीपाशी जाऊन प्रेक्षकांचं बोलणं ऐकून घ्यावं लागलं. क्लबने त्याला काढलं नाही. हंगाम संपेपर्यंत संघ सातवा आला. मग क्लॉप आपणहून बाहेर पडला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तो लिव्हरपूलला गेला. तिथेही आधी हारच. 2016 मध्ये लीग कप आणि युरोपा लीग असे दोन अंतिम सामने गमावले, 2018 मध्ये कीव्हला रेआल माद्रिदकडून 3-1. आपल्याकडच्या हिशेबाने तीन फायनल हरलेला ट्रेनर म्हणजे अपशकुनीच. लिव्हरपूलने ठेवला. 2019 मध्ये बार्सिलोनाकडून 0-3 ने मागे पडून घरच्या मैदानावर 4-0, आणि मग टॉटनहॅमला हरवून युरोपचं विजेतेपद. 2020 मध्ये 99 गुण घेऊन इंग्लंडची लीग, तीस वर्षांनी. पोरांना या तारखा पाठ आहेत. त्यांच्या अंगावर त्या संघातल्या सालाहच्या नावाचे लाल शर्ट आहेत. त्या आधीच्या तीन पराभवांबद्दल मी विचारतो, तेव्हा त्यांना आठवत नाही.

थ्रो-इनबद्दलही, म्हणजे कडेच्या रेषेबाहेर गेलेला बॉल हाताने आत फेकण्याबद्दलही, सांगायचं आहे. 2018 मध्ये क्लॉपने थॉमस ग्रोनेमार्क या डेन्मार्कच्या माणसाला फक्त थ्रो शिकवण्यासाठी बोलावलं. इंग्लंडमधल्या जाणत्या मंडळींनी त्याची टर उडवली. एवढा मोठा प्रशिक्षक, सगळं जिंकू पाहणारा, आणि म्हणतो की हे मला येत नाही, ज्याला येतं त्याच्याकडून शिकतो. आमच्या पोरांचा अर्धा बॉल थ्रोवर जातो. रेषेवर उभं राहायचं, डोळे मिटल्यासारखं लांब भिरकावायचं, बॉल समोरच्याच्या डोक्यावर. मी हल्ली पाव तास नुसते थ्रो घेतो. एकाने थ्रो घेणाऱ्याकडे धावत यायचं, त्याच्या मागची जागा दुसऱ्याने घ्यायची, बॉल तिथे. खर्च शून्य. बरेच पालक कडेला उभे राहून विचारतात, मास्तर, आज मॅच नाही का? त्यांना मी थांबवून दाखवतो, आणि दाखवलं की पटतं.

जानेवारी 2024 मध्ये क्लॉपने जाहीर केलं, की आता अंगात जोर उरला नाही, हंगामअखेर थांबतो. जवळपास नऊ वर्षं एका क्लबात राहून तो आपल्या पायाने, मानाने गेला. माइन्झमधून तसाच, डॉर्टमंडमधूनही तसाच. तीन क्लब, तेवीस वर्षांच्या आसपासची कारकीर्द, आणि एकदाही हकालपट्टी नाही. तो हरला नाही असं नाही. हरल्यावरही त्याच्याबरोबर उभी राहणारी माणसं त्याला मिळाली.

आमच्या कॅम्प भागातल्या शाळांनी, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनी, गल्लीतल्या क्लबांनी बेळगावात हा खेळ जगवला. लेले मैदानावर पावसात छत्री धरून उभी राहणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय. खेळाडूंची आपल्याला वाण नाही. पस्तिशीत गुडघा गेला की तो खेळाडू घरी बसतो, ही आपली खोट आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी लायसन्सचा अभ्यासक्रम थोड्या दिवसांचा असतो. तो बेळगावात भरावा, आणि समजावून सांगताना कन्नडबरोबर मराठीही चालावी. ज्याला फाडफाड इंग्रजी येत नाही पण खेळ येतो, असा माणूस दारातूनच परत जाऊ नये. आपल्या संघातल्या थकत आलेल्या एका खेळाडूला तिकडे पाठवायचा खर्च प्रत्येक क्लबने उचलावा. परत आल्यावर त्याला लेखी दोन हंगाम द्यावेत, आणि त्या काळात मध्यंतराला बाकापाशी पदाधिकाऱ्याने पाऊल ठेवू नये, एवढं ठरावात घालावं. स्पर्धांपूर्वी क्लबांच्या बैठका होतीलच. हे पत्र वाचणाऱ्या एकाने जरी आपल्या बैठकीत हा विषय काढला, तरी मला पुरे.

आणि संपादकसाहेब, आपल्याकडे एक मागणं. स्थानिक सामन्याच्या बातमीत आपण कर्णधाराचं नाव छापता, प्रमुख पाहुण्यांचं छापता, बक्षीस देणाऱ्यांचंही छापता. यंदापासून दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांची नावंही छापा, हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाचंही. नावं गोळा करायचं काम माझं. सामन्याच्या संध्याकाळी कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक जुना राईट बॅक
वडगाव, बेळगाव